पहिली कुदळ

सुभेदार दसरू विडपी यांचा देह इरपागुड्याच्या अंगणात उतरवून दोन तास झाले होते, आणि त्यांचा खड्डा अजून मातीवर ओढलेल्या चार रेघांपुरताच होता.

रंजीता बाजेच्या पायथ्याशी उभी होती. बाबा काल सकाळी सव्वाअकराला नागपूरच्या रुग्णालयात वारले. बर्फ आलापल्लीपर्यंत टिकला. भामरागडच्या अलीकडे गाडी डांबरी सोडून जंगलात वळली, तेव्हा पेटीच्या तळाशी नुसते पाणी हिंदकळत होते. मार्च संपत आला होता. साडेदहालाच सावलीत तेहतीस अंश असावेत. चंद्रपूरच्या मृद परीक्षण प्रयोगशाळेत सतरा वर्षे काढलेल्या बाईला उष्णता आणि वेळ यांचे नाते कोणी समजावून सांगायला नको होते. दुपारी दोन, फार तर अडीच. त्यानंतर बाबांकडे आदराने पाहणे माणसांना कठीण जाईल, आणि त्यात दोष माणसांचा नसेल.

"खोदत काऊन नाई कोनी?" प्रणितने तिसऱ्यांदा विचारले. तिचा धाकटा भाऊ मोहर्लीला पर्यटकांच्या जिप्सींचे वेळापत्रक सांभाळत असे. ठरलेल्या वेळेला न घडणारी गोष्ट त्याला अंगावर आल्यासारखी वाटे. "अकरा मानसं बसून हायेत, कुदळी पडल्या हायेत. नाई त मी घेतो एक."

"तू हात नोको लावू," ओसरीवरून बुधरीआत्या म्हणाली. दसरूची थोरली बहीण, सत्तरी ओलांडलेली. तिची मराठी भामरागडच्या बाजारात कमावलेली होती. शब्द मोजके, पण प्रत्येक आपल्या जागी बसलेला. "तू पोरगा. पोरगा खड्डा नाई खनत."

नियम गुंतागुंतीचा नव्हता. मेलेल्याच्या कुळातल्या कोणीही त्याचा खड्डा खणायचा नाही. ते काम सोयऱ्यांचे. त्यातही पहिली कुदळ बायकोच्या भावाची. गुडघाभर खोली त्याने एकट्याने करायची, मग बाकीच्या सोयऱ्यांनी हात लावायचा. बुधरीच्या सासरचे, वड्डे कुळातले अकरा पुरुष मोहाच्या झाडाखाली सकाळपासून तयार बसले होते. त्यांची ना नव्हती. फक्त त्यांचा क्रम दुसरा होता.

आणि पहिल्या क्रमांकाची जागा एकोणचाळीस वर्षे रिकामी होती. सुभेदारांची बायको मनकर्णा चंद्रपूरकडच्या मूल तालुक्यातल्या कुणब्याची मुलगी. भामरागडच्या आश्रमशाळेत शिकवायला आली, रजेवर आलेल्या माडिया शिपायाशी तिने लग्न केले. त्यावर तिच्या भावाने, मुखरूने, कणकेचा पुतळा करून जाळला आणि बहिणीचा दहावा घातला. गावाकडून पाहता दसरूला सासर असे कधी मिळालेच नाही. त्याला वाळीत कोणी टाकले नव्हते. पण सोयरेपणाचे जेवण झाले नाही, आणि तेव्हापासून तो सणाला येई तो कुळाच्या पंगतीत शेवटी, पाहुण्यासारखा बसे.

पहिली कुदळ पडली नाही, तर नाल्यापलीकडे पुरता येत होते. तिथे कोणी कोणालाही पुरू शकत होते. मात्र तिथल्या मेलेल्याचा दगड उभा राहत नाही. गावाच्या वाटेवर विडप्यांच्या दगडांची रांग होती, त्यात आई-बापाच्या शेजारी हातभर जागा बुधरीने सतरा वर्षे झाडून ठेवली होती. तिला भावाचा दगड तिथे हवा होता. दुसरे काहीही नको होते.

*

हवालदार सुनिल रामटेके यांना हे सगळे ठाऊक नव्हते. ते गडचिरोलीहून दोन माजी सैनिकांसह पुष्पचक्र घेऊन आले होते. निवृत्तीनंतर अंथरुणावर मेलेल्या सैनिकाला बंदुकांची सलामी नसते. पलटणीची आठवण म्हणून जे काही असायचे ते या तिघांत आणि त्या झेंडूच्या चक्रात होते. तासभर वाट पाहून सुनिल उठले आणि गावाच्या देवाचे नि मातीचे काम पाहणाऱ्या कोलू गायतासमोर सावधान उभे राहिले.

"गायताभाऊ, आमी तिघं हाओत. आयुष्यभर बर्फात खंदक खोदले. ही त साधी माती. जागा देल्ली म्हना, एका घंट्यात तुमाले साडेपाच फूट करून देतो."

कोलूने त्यांच्याकडे आशेने पाहिले. ती आशा खरी होती. "तुमी दसरूचे कोन?"

"कोन म्हंजे?" सुनिलना वाटले, आपले वजन टाकायची हीच वेळ. "भाऊ! सख्ख्याहून सख्खा. खेचरांच्या पलटणीत अठरा वर्षं एका ताटात जेवलो. सायेबाची बोली येगळी, माही येगळी, पन ताट एक. खेचरावर भार चढवला का सायेब दोन्ही बाजू हातानं उचलून पाहे. अर्ध्या किलोचा फरक चालत नोता. म्हने, जनावराले तोंड नाई म्हनून आपल्याले हात हायेत. असा भाऊ मले माह्या आईनं नाई देल्ला."

मोहाखालच्या दोघा-तिघांनी माना खाली घातल्या. बुधरीने डोळे मिटले.

"एका ताटात?" कोलूने खात्री करून घेतली.

"हव. अठरा वर्षं."

"मंग तुमीबी विडपीच झाले," कोलू खिन्नपणे म्हणाला. "भाऊ खड्डा नाई खनत. बसा. पानी प्या."

सुनिल परत येऊन रंजीताशेजारी बसले. बराच वेळ पुष्पचक्राच्या तारा सरळ करत राहिले. "ताई, मी काई चुकीचं बोललो का?"

"नाई काका. फार बरोबर बोलले तुमी."

"आता त्यायले जाऊन सांगू का, का आमची काई वळखच नोती म्हनून?"

दोन दिवसांत रंजीताला पहिल्यांदा हसू आले, आणि त्याच्या मागोमाग दोन दिवसांतले पहिले रडूही आले.

*

कोलू गायताला नियम आवडत होता असे नाही. एकोणीसशे एकोणऐंशीत तो आणि दसरू दोघे मिळून, कधी पायी, कधी लाकडाच्या ट्रकवर, चंद्रपूरच्या भरतीला गेले होते. दोघांनी एकाच दगडावर बसून एकच शिदोरी खाल्ली. मापाच्या फितीने दसरूची छाती घेतली आणि कोलूची अर्ध्या इंचासाठी सोडली. दसरू लेहला, सिक्कीमला, कुठकुठे जाऊन अठ्ठावीस वर्षांनी सुभेदार होऊन आला, नंतर चंद्रपुरात एका बँकेच्या दारावर बारा वर्षे बंदूक घेऊन बसला. कोलू इरपागुड्यात राहून गायता झाला. त्या अर्ध्या इंचाबद्दल त्याने दसरूला कधी दोष दिला नाही. पण विसरलाही नाही.

आज नियम मोडला तर गाव म्हणेल, मित्रासाठी मोडला. तेही चालले असते. परंतु समोर, बायकांच्या घोळक्यात सोमारी बसली होती. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा वारला तेव्हा तिचा भाऊ नदीपलीकडे, छत्तीसगडात होता आणि नदीला पूर होता. कोलूने तिला दीड दिवस थांबवले होते. दीड दिवस, श्रावणात. सोमारी आज एक शब्द बोलली नव्हती. ती फक्त कोलू काय करतो ते पाहत होती.

"आई, चाल," प्रणित म्हणाला. "चंद्रपूरले नेऊ. सहा तास लागतीन. तिथी अग्नी देऊ. इथी बाबाचा तमाशा होऊन राह्यला."

मनकर्णा ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. लग्नाच्या पहिल्या एकवीस वर्षांत नवरा तिला वर्षाला जेमतेम तीन महिने मिळाला. वाट पाहण्याचे काम तिच्याइतके त्या अंगणात कोणाला येत नव्हते. "ने," ती म्हणाली. "ज्या गावानं जिवंतपनी पंगतीत शेवटी बसवलं, त्याच्या दारात मेल्यावर किती येळ ठेवू मी?"

बुधरी झटकन उठली. "नेशीन? मनकर्णा, तू नेशीन त्याले? दवाखान्यात त्यानं काय म्हनलं, सांग."

सांगितले ते रंजीताने. "इरपागुड्याले न्या, म्हनले. दोनदा म्हनले."

"तू आत्याच्या बाजूनं हायेस का?" प्रणित तिच्याकडे वळला. "तू? दगड वाढते म्हनते हे लोकं. मेलेला खुश असला का दगड वाढते. तू मानते हे?"

रंजीता मानत नव्हती. बारा वर्षांची असताना तिने आजोबांचा दगड पट्टीने मोजला होता आणि तीन वर्षांनी पुन्हा मोजला होता. तो दीड सेंटीमीटर उंच झाला होता. भोवतालची माती पावसाने धुपत होती, इतकेच. तिने ते बाबांना आकृती काढून समजावले. बाबांनी आकृती लक्षपूर्वक पाहिली आणि म्हणाले, "धुपली तरी उंच झालाच ना." या उत्तरातली चूक दाखवणे सोपे होते. तिने ती तेव्हा दाखवलीही होती.

"मी दगडाचं नाई म्हनून राह्यली," ती आता म्हणाली. "बाबा काय म्हनले ते सांगून राह्यली. अन् अजून एक सांगते, चिडू नोको. मी काल मामाले फोन केला होता."

प्रणितला कोणता मामा हे कळायला क्षण लागला. त्याला मामा आहे हे वाक्य त्या घरात कधी उच्चारले गेले नव्हते. तेवढ्यात वाटेवरच्या दगडांपाशी एक बोलेरो येऊन थांबली, आणि तिच्यातून पांढरे धोतर नेसलेला, उजव्या गुडघ्यावर हात ठेवून उतरणारा एक म्हातारा बाहेर आला.

*

मुखरू दर्शनाला आला होता. भाचीने फोनवर तेवढेच सांगितले होते: "मामा, बाबा गेले. दर्शनाले या." मामा हा शब्द ऐकून त्याने कशाला ते विचारले नाही; माणूस कसा होता, एवढेच विचारले. मुलगा-सून शेतावर गेल्याची संधी साधून गावातल्या रोशनची गाडी सांगितली, पहाटे निघाला. बाजेपाशी जाऊन हात जोडायचे, बहिणीकडे न बघता परत फिरायचे, असे त्याने ठरवले होते. बहिणीकडे न बघण्याचा त्याला सराव होता.

त्याने हात जोडले. चेहरा ओळखीचा नव्हता. हा माणूस त्याने एकदाच पाहिला होता, आपल्याच दारात, हिरव्या गणवेशात, हातात मिठाईचा पुडा. तो पुडा आपण गोठ्याच्या दिशेने फेकला होता हे मात्र नीट आठवत होते. आणखी एक गोष्ट त्याने आजवर कोणाला सांगितली नव्हती. कारगिलच्या वर्षी दोन महिने तो रोज सकाळी मूलच्या एसटी स्टँडवर जाऊन वर्तमानपत्र घेई आणि शहिदांच्या यादीवरून बोट फिरवी. यादीत विडपी नाव नसले की तिथेच बाकावर पेपर ठेवून घरी येई.

"मामा," रंजीता म्हणाली, "तुमाले एक काम करा लागते."

तिने नियम सांगितला. प्रयोगशाळेचा अहवाल वाचावा तशा आवाजात, काही न वगळता. मुखरूच्या चेहऱ्यावरचा रंग बदलत गेला.

"तू मले फसवून आनलं, बाई."

"हव. फोनवर सांगितलं असतं त तुमी आले नसते."

हे खरे होते, म्हणून त्यावर चिडता येईना. त्याने मागे पाहिले. रोशन बोलेरोला टेकून उभा होता आणि सगळे ऐकत होता. "माही नात दिव्यानी. वैशाखात लगन हाय तिचं. मी इथी कुदळ मारली म्हंजे म्या हे सोयरीक मानली. संध्याकाळी गावात, उद्या वरपक्षाकडे. त्यायनं मोडलं त त्या पोरीले काय सांगू मी?"

"काई नोका सांगू," प्रणित पुढे येत म्हणाला. "जा तुमी. तुमच्या हातची माती बाबाले नोकोच हाय. दर्शन झालं ना? ते गाडी तिकडं उभी हाय."

"प्रणित!" आत्या ओरडली. भांडण आता दोन बाजूंचे राहिले नव्हते. मुलगा मामाला घालवत होता, मुलगी अडवत होती, बुधरी म्हाताऱ्याच्या वाटेत उभी राहिली होती, आणि कोलू गायता एवढेच मनात म्हणत होता की याने कुदळ घ्यावी आणि आपल्याला सोमारीसमोरून सोडवावे.

"आई, तू सांग मामाले," रंजीता म्हणाली.

"मी नाई," मनकर्णा बसल्या जागेवरून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी मरून एकोनचाळीस वर्षं झाले. मेलेली बाई काई मागत नसते."

मुखरू जायला वळला होता, तो थांबला. मग त्या गुडघ्यावर हात ठेवत ओसरीपर्यंत आला आणि बहिणीपासून चार हातांवर, खालच्या पायरीवर बसला. दोघेही समोर बाजेकडे पाहत होते.

"दहाव्याले काय केलं होतं?" मनकर्णाने विचारले.

"आं?"

"माह्या दहाव्याले. जेवनात काय केलं होतं?"

मुखरूने आठवले. आठवायला वेळ लागला नाही. "भात, वरन. भोपळ्याची भाजी. वडे."

"उडदाचे?"

"हव."

"मले आवडत होते."

"म्हनूनच केले होते."

मनकर्णाने ओठ दाबून धरले. ते हसू आहे की दुसरे काही, हे बुधरीला कळले नाही. "अन् कावळा? शिवला का पिंडाले?"

मुखरूने मान हलवली. "नाई. तळ्याच्या काठी दोन घंटे बसलो. एक नाई आला. माहे सासरे म्हनत, तिचं काई राह्यलं असन मनात, कबूल कर. मी काय कबूल करनार? शेवटी दर्भाचा कावळा केला अन् शिवला."

कावळे न येण्याची साधी कारणे असू शकतात. त्या आठवड्यात गावात दुसरीकडे कोंबड्यांची मर लागली असेल. कावळे तिकडे गेले असतील. रंजीताने नंतर असा विचार केला आणि तो तिला पटलाही. पण त्या वेळी तिची आई म्हणाली,

"जिवंत होती ना मी, भाऊ. कावळ्याले समजलं तेवढं."

एकोणचाळीस वर्षांत ती प्रथम त्याला भाऊ म्हणाली होती. मुखरूने खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसले, मग पुन्हा पुसले. दुपट्टा खाली आला तेव्हा तो बहिणीकडे पाहत होता. आणि तिचे केस पूर्ण पांढरे झाले आहेत ही माहिती त्याला कोणी दिली नव्हती असे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

"कारगिलच्या साली," तो म्हणाला, "मी रोज पेपर पाहो." मनकर्णाने सरकून ओसरीवर त्याच्यासाठी जागा केली. तो त्या जागेवर बसला नाही. उठला.

*

कुदळ नुसती उचलून चालत नाही. आधी विचारावे लागते, आणि उत्तर सगळ्यांनी ऐकावे लागते. कोलू गायता अंगणाच्या मध्यभागी आला. त्याने प्रश्न आधी माडिया बोलीत विचारला, मग पाहुण्यासाठी मराठीत. रोशन गाडी सोडून चार पावले पुढे आला होता.

"हे बाई तुही कोन?"

मुखरूने रोशनकडे पाहिले. मनात दिव्यानी आली, वैशाख आला, मूलच्या भावकीतले एकेक तोंड आले. हे दिसायला एका श्वासाइतके होते. कोलूला मात्र ते भरतीच्या फितीइतके लांब वाटले.

"बहीन," तो म्हणाला.

"जिवंत?"

"जिवंत."

"अन् हा?" कोलूने बाजेकडे हात केला.

"माहा जवाई, बहिनीचा नवरा."

सोमारीने लुगड्याचा पदर सावरला आणि मोहाखाली बसलेल्या पुरुषांना माडियात काहीतरी सुनावले. "कुदळ द्या त्याले, का तेबी म्हाताऱ्यानंच शोधायची?" असा त्याचा अर्थ असल्याचे सुनिलना नंतर कळले.

गुडघाभर खोली, सहा फूट लांबी, अडीच फूट रुंदी: साधारण पाऊण घनमीटर माती. अडुसष्ट वर्षांच्या, उजवा गुडघा झिजलेल्या माणसासाठी हे थोडे नव्हते. पण मुखरूने आयुष्यभर धानाचे बांध घातले होते. पहिल्या घावातच ते दिसले. तो ताकद लावत नव्हता, कुदळीला तिच्या वजनाने पडू देत होता. वरची वीतभर माती काळसर, पानांनी पोसलेली; तिच्याखाली तांबडा मुरूम लागला आणि घावांचा आवाज बदलला. रंजीता काठावर उभी राहून नजरेने थर मोजत होती. तिला दुसरे काही करता येत नव्हते.

अर्ध्यावर मुखरू थांबला. श्वास लागला होता. कुदळ त्याने काठाला टेकवली. प्रणित नकळत पुढे झाला. कोलूने त्याच्या छातीवर हात ठेवला. "तू नाई."

"मरन तो."

"मंग दम घेईल. तू नाई."

साडेबारा वाजले होते. वड्ड्यांचे अकरा पुरुष आपापल्या कुदळींवर हात ठेवून उभे होते, आणि कोणी घाई करत नव्हते. प्रणितने एकदा घड्याळाकडे पाहिले. मग घरात जाऊन लोटा भरून आणला आणि खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला. काही तरी बोलणे भाग होते, आणि या माणसाला हाक मारायला जगात एकच शब्द उपलब्ध होता.

"मामा," तो म्हणाला. "पानी."

मुखरूने वर पाहिले. लोटा घेतला, अर्धा प्याला, अर्धा मानेवर ओतला. "तुह्या बापानं माह्या दारात मिठाई आनली होती," तो म्हणाला. "म्या फेकली. चांगली होती. पोट्ट्यायनं गोठ्यातून उचलून खाल्ली, मले मागाहून समजलं."

"बाबानं नाई सांगतलं कधी."

"तो सांगनाऱ्यातला नोता म्हंते."

"कोन म्हंते?"

"तुह्या बहिनीनं सांगतलं. फोनवर. मी विचारलं होतं." त्याने लोटा परत दिला. "बाजूले हो. उडन डोळ्यात."

एक वाजून वीस मिनिटांनी कोलूने खड्ड्यात उतरून आपला गुडघा मातीला लावून पाहिला आणि मान डोलावली. वड्ड्यांनी मुखरूला हाताला धरून वर घेतले आणि ते आळीपाळीने खाली उतरू लागले. ताज्या दमाच्या अकरा माणसांना पुढचे काम अर्ध्या तासाचेही नव्हते.

अडीचच्या आत सगळे झाले. सोयऱ्यांनी देहावर एकेक कापड घातले. मुखरूकडे कापड नव्हते, म्हणून त्याचा दुपट्टा गेला. मनकर्णाने नवऱ्याची पदके त्याच्या छातीवर ठेवली, मग त्यातले एक उचलून प्रणितच्या हातात दिले आणि बाकीची राहू दिली. सुनिल रामटेके आणि त्यांचे दोन साथी खड्ड्याच्या पायथ्याशी सावधान उभे राहिले, सलामीत. बिगूल नव्हते. मोहाची फुले पडत होती, आणि गावातल्या एका म्हातारीने सवयीने दोन-चार वेचून ओटीत टाकली. कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही.

*

नाल्यावर हात-पाय धुताना बुधरी मुखरूच्या शेजारच्या दगडावर येऊन बसली. त्याच्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते. तो ते पाण्याखाली धरून बसला होता. पलीकडे रोशन बोलेरोची काच पुसत होता. येताना तो वाटेत कोणाकोणाची नावे घेत अखंड बोलत होता. आता मुकाट होता, आणि तो गावात जाऊन काय सांगेल हे मुखरूने त्याला विचारले नव्हते.

"पुढच्या साली दगड," बुधरी म्हणाली. "मोह सरला का. पयला हात तुहा."

"येतो."

"बायकोले आन. नातीले आन. त्या जवायालेबी आन."

"लगन राह्यलं तं आनतो."

बुधरीने त्यावर सहानुभूती दाखवली नाही. ज्या गोष्टीला अजून दोन महिने आहेत, तिच्यासाठी आज रडायचे नाही, असा तिचा स्वभाव होता. तिने पायाची माती खरवडून काढली.

"आता तू सोयरा," ती म्हणाली. "तू आमचा खड्डा खनला. तू मेला का कळव. हे अकरा जन येतील. तुहा खड्डा हे खनतील."

मुखरू संकोचला. आज इतक्या गोष्टी बरोबर झाल्यावर ही एक चूक दुरुस्त करावी की नाही, हे त्याला कळेना. पण हिशोब अर्धवट ठेवणे त्याला जमणारे नव्हते.

"बाई, आमच्यात पुरत नाई. जाळतेत."

बुधरी गंभीर झाली. तिने वळून पाण्यात उभ्या असलेल्या वड्ड्यांना माडियात काहीतरी विचारले. त्यांनी आपसात थोडी चर्चा केली. एकाने बोटांवर काही मोजले, दुसऱ्याने मान हलवली, मग तिघांनी एकदम होकार दिला.

"चालते," बुधरी म्हणाली. "लाकडं आनू."